मदत हवी आहे: ख्रिसमसला गॉलवे, किल्ले, मार्केट, क्लिफ्स... कसं बसवायचं?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. ख्रिसमसच्या सुट्टीत आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेला जातोय. हॉटेल बुक झालंय, पैसे परत मिळणार नाहीत. एकूण सहा जण. क्लिफ्स ऑफ मोहर (समुद्रावरचे कडे), अरन बेटं, दोनतीन किल्ले, ख्रिसमस मार्केट आणि बनरॅटी किल्ल्यातला सांता एवढं सगळं बघायचंय. नेटवर जो तो वेगळंच सांगतो. कोणी तयार आयटिनररी दिली तर फार बरं होईल. शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.
"आधीचे धागे शोधा" असं कृपया लिहू नका. शोधलेत.

लिमरिककर
ख्रिसमसच्या सुट्टीत म्हणजे नक्की कुठल्या तारखा? कुठून निघणार? सहा जणांत लहान मुलं, वयस्कर कोण? गाडी आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटक्या_72
सरळ गाडी घ्या. पश्चिम किनारा बसने बघण्यात काही अर्थ नाही. डाव्या बाजूनेच चालवायचं असल्याने आपल्याला सोपं जातं. फक्त रस्ते अरुंद, दोन्हीकडे दगडी भिंती, आरसा घासला म्हणून समजा. त्यामुळे एक्सेस इन्शुरन्स (नुकसान झाल्यास आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेचा विमा) आधीच वेगळा घेऊन ठेवा, काउंटरवर महाग पडतो. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, डेबिटवर बरेच जण देत नाहीत. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा. आणि डब्लिनच्या एम-50 रिंगरोडवर टोलनाका दिसत नाही म्हणून विसरू नका, दुसऱ्या दिवशी रात्री 8 च्या आत ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड.
मार्ग: गॉलवे, किनवारा, बरन (चुनखडीचा खडकाळ भाग), मोहर, डूलिन, लाहिंच, परत. दुसऱ्या दिवशी कॉनेमारा आणि कायलमोर ॲबी. झालं.

पाऊसवेडी
डब्लिनहून निघणार. 24 ते 28 डिसेंबर. सासू-सासरे नाशिकहून येतायत, म्हणून एवढा घाट. मुलं दोन, 6 आणि 9.
@भटक्या, धन्यवाद, पण कायलमोर एका दिवसात होतं का?

तळ्यात_मळ्यात
डिसेंबर म्हटलं की न्यूग्रेंजच! 5000 वर्षांहून जुनं थडगं, पिरॅमिडच्याही आधीचं. हिवाळी अयनाच्या आसपास सकाळी सूर्यकिरण थेट आतल्या खोलीत जातो. आत उभं राहायला लॉटरी असते. ती नाही लागली तरी बाहेरून बघा. आयुष्यात एकदा तरी बघावंच. तिथून वर जायंट्स कॉजवेही करून टाका, हाय काय अन् नाय काय.

लिमरिककर
तळ्यात, न्यूग्रेंज पूर्वेला मीथ काउंटीत आहे. त्या पश्चिमेबद्दल विचारतायत. आणि जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडात, म्हणजे युकेत. इथल्या आयआरपी कार्डावर (परदेशी रहिवाशांचं नोंदणीपत्र) राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना त्यासाठी वेगळा युके व्हिसा लागतो. रस्त्यात सीमा दिसत नाही, पण नियम आहे. कृपया असे सल्ले सहज देऊ नका.

पाऊसवेडी ताई, आता तुमच्यासाठी. तारखा बघून पोटात गोळा आला, म्हणून सविस्तर लिहितो.

25 तारखेला या देशात काहीही चालू नसतं. काहीही म्हणजे काहीही. ट्रेन नाही, बस नाही, डब्लिन विमानतळावरून विमानं उडत नाहीत. दुकानं बंद, पब कायद्यानेच बंद. भारतात दिवाळीच्या दिवशी निदान चहाची टपरी तरी उघडी असते, इथे तीही नाही. 26 ला सेंट स्टीफन्स डे, त्या दिवशीही गॉलवेची ट्रेन नसते आणि तिकिटाच्या बऱ्याच जागा 24 ते 26 कुलूपबंद असतात. म्हणजे तुमच्या मुक्कामातला मोठा भाग यातच गेला.

बनरॅटीचा सांता ख्रिसमसच्या *आधीच्या* आठवड्यांत असतो. तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि शनिवार-रविवारची पटापट संपतात. 26 नंतर सांता कुठून येणार, तो त्याचं काम करून घरी गेला.

गॉलवेच्या मुख्य चौकातलं, आयर स्क्वेअरचं ख्रिसमस मार्केट नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास सुरू होतं. शेवटची तारीख दर वर्षी बदलते, तुमच्या तारखांना चालू आहे का ते आधी बघा.

अरन बेटांची फेरी रॉसाव्हीलहून असते, जवळपास 40 मिनिटं. डूलिनहूनच्या बोटी हिवाळ्यात बंद. अटलांटिकमध्ये वादळ उठलं की रॉसाव्हीलचीही रद्द होते. सासूबाईंच्या गुडघ्यांचं कसं आहे? बेटावरच्या डून एंगस या प्राचीन दगडी किल्ल्याला शेवटची चढण ओबडधोबड दगडांची आहे आणि वर कड्याला कठडा नाही. दोन मुलं घेऊन डिसेंबरच्या वाऱ्यात मी तरी जाणार नाही.

शिवाय सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. दिवस मुळात एवढासाच.

गाडीचं अजून सांगितलं नाहीत.

पाऊसवेडी
ख्रिसमस मार्केट ख्रिसमसलाच बंद?? मग त्याला ख्रिसमस मार्केट का म्हणायचं 😡 हॉटेलच्या पानावर तर लिहिलंय "सगळं चालत जाण्याच्या अंतरावर".

पेठेतला_आगाऊ
बरोबरच आहे, बंद दारंसुद्धा चालत जाण्याच्या अंतरावरच असतात.

भटक्या_72
लिमरिककर, उगाच घाबरवू नका हो. गाडी असेल तर 26 लाही बघण्यासारखं खूप आहे, कारण ते उघड्यावर आहे. बरनमधलं पोल्नाब्रोन: उभ्या दगडांवर टेकलेली प्रचंड शिळा, 5000 वर्षांहून जुनी. उत्खननात 30 हून जास्त माणसांचे अवशेष निघाले. फुकट, रस्त्याला लागून, कुलूप नाही. गॉर्टजवळ किलमॅकडुआ: 34 मीटरचा गोल मनोरा, देशातला सर्वात उंच, आणि चक्क कललेला. दार जमिनीपासून 7 मीटरवर, शिडी लावून चढायचे. किनवाराला डनग्वायर हा 1520 चा किल्ला खाडीच्या काठावर. आत जाता आलं नाही तरी फोटो बाहेरूनच चांगला येतो.

पेठेतला_आगाऊ
एक सांगून ठेवतो. नाशिकहून येणाऱ्यांनी किल्ला म्हटल्यावर साल्हेर-मुल्हेर डोळ्यांसमोर आणू नये. इथले बहुतेक किल्ले म्हणजे एका सरदाराचं चारपाच मजली दगडी घर. तटबंदी, माची, बुरूज, पाण्याची टाकी असलं काही नाही. सासरे ट्रेकर असतील तर तासाभरात "झालं? एवढंच?" म्हणतील. माझ्या वडिलांनी बनरॅटीत हेच विचारलं होतं.

लिमरिककर
बनरॅटीबद्दल असं बोलू नका, ते आमचं आहे 😀 1425 च्या सुमारास मॅकनमारांनी बांधलं, मग ओब्रायनांकडे गेलं. 1954 मध्ये लॉर्ड गॉर्टने विकत घेऊन दुरुस्त केलं नसतं तर आज तिथे पडक्या भिंतीच असत्या. आतलं मध्ययुगीन फर्निचर खरं आहे. आणि शेजारचं फोक पार्क किल्ल्याहूनही छान: शेतकऱ्याचं घर, शाळा, डॉक्टरचं घर, दुकानं, चुलीत पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं जळण) धूर. मुलं तिथेच रमतात. फक्त किल्ल्यातले जिने गोल आणि अरुंद, गुडघेवाल्यांनी खालीच थांबावं.

पाऊसवेडी
सासूबाईंचे गुडघे ठीकठाक, जिने नको म्हणतात. सासऱ्यांचा प्रश्न नाही, ते अजून सप्तशृंगी चढतात.
गाडी चालवायला कोणी नाही. नवऱ्याकडे लर्नर परमिट आहे, मला येत नाही.

लिमरिककर
😐 हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं ताई.

भटक्या_72
सासऱ्यांकडे भारतीय लायसन्स असेलच. पाहुणे म्हणून आलेल्यांना ते चालतं.

सॉल्टहिलवाली
काका, काहीतरीच काय! पहिल्यांदा परदेशात आलेला माणूस, सत्तरीच्या आसपासचा, डिसेंबरच्या अंधारात बरनच्या बोळातून सात सीटची गाडी? बऱ्याच कंपन्या वयाची वरची मर्यादाही लावतात.

भटक्या_72
माझ्या वडिलांनी चालवली होती. काही झालं नाही.

सॉल्टहिलवाली
बरं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

पाऊसवेडी, मी गॉलवेतच राहते आणि इथला ख्रिसमस मला फार आवडतो, फक्त तो पर्यटकांसाठी मांडून ठेवलेला नसतो.

24 ला लवकर या, संध्याकाळच्या भरवशावर राहू नका. दुपारी शॉप स्ट्रीटवर भटका. सेंट निकोलस चर्चमध्ये डोकवा. 1320 चं आहे आणि ज्याच्या नावाचं आहे तो निकोलस म्हणजेच सांताचा मूळ संत, मुलांना हे सांगा. कोलंबस 1477 मध्ये गॉलवेला आला होता आणि इथे प्रार्थना करून गेला असं सांगतात. तिथून खाली स्पॅनिश आर्च, 1584 ची, आणि नदीपलीकडे क्लाडा ही कोळ्यांची जुनी वस्ती. हातांत धरलेल्या हृदयाची ती प्रसिद्ध क्लाडा अंगठी इथलीच. जुनी गवताच्या छपरांची घरं 1930 च्या दशकात पाडली, आता साधी घरं आहेत, पण हंस असतात भरपूर. रात्री कॅथेड्रलमध्ये मास. कोणीही मागे बसू शकतं, गाणी ऐकायला म्हणून जा. ही इमारत 1965 ची, जुन्या तुरुंगाच्या जागेवर बांधलेली.

25 ला सकाळी सॉल्टहिलला चालत जा. ब्लॅकरॉकच्या डायव्हिंग टॉवरपाशी लोक गारठलेल्या समुद्रात उड्या मारतात, काही सांताच्या टोप्या घालून. आजी-आजोबा, पोरं, कुत्री, सगळे. थर्मासमधून चहा. प्रॉमनेडच्या टोकाला पोचलं की भिंतीला लाथ मारून परत फिरायचं, ही गॉलवेची रीत. तुमच्या सासऱ्यांना हा प्रकार किल्ल्याहून जास्त आवडेल, पैज.

जेवण मात्र आजच फोन करून ठरवा. 25 ला हॉटेलच्या जेवणाशिवाय पर्याय नसतो आणि टेबलं आधीच भरतात. 23 लाच ब्रेड, दूध, फळं, मॅगी घेऊन ठेवा. खोलीत किटली आहे का विचारा.

पोथीवाला
अवांतर होईल, पण राहवत नाही. गॉर्टच्या बाजूला थूर बॅलीली नावाचा मनोरा आहे, कवी यीट्सने 35 पौंडांना घेतलेला. तो उन्हाळ्यात तिथे राहत असे. हा यीट्स म्हणजे ज्याने आपल्या पुरोहित स्वामींबरोबर उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, 1937 मध्ये छापून आलं. पुरोहित स्वामी विदर्भातल्या बडनेऱ्याचे, मराठी माणूस! काम दोघांनी स्पेनच्या मयोर्का बेटावर बसून केलं, मनोऱ्यात नव्हे, हे मान्य. पण मराठी मंडळी मोहर बघून परत येतात आणि वाटेतलं हे कोणाला ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं. जवळच कूल पार्क आहे, नाटककार लेडी ग्रेगरींचं. तिथल्या बीच जातीच्या एका झाडावर यीट्स, शॉ, सिंज या लेखकांनी आद्याक्षरं कोरलीत. पार्क फुकट.

पेठेतला_आगाऊ
हिवाळ्यात मनोरा बंद असतो, पोथीवाले. आणि गाडी नाहीये त्यांच्याकडे.

पोथीवाला
म्हणूनच अवांतर म्हटलं. माहिती तर मिळाली?

प्रश्नांकित
सासू-सासऱ्यांचा व्हिसा कुठला आहे? कोणी विचारलंच नाही.

पाऊसवेडी
व्हिसा आहे त्यांच्याकडे, युकेचा. नणंद लंडनला असते. याचा इथे काय संबंध?

प्रश्नांकित
संबंध आहे! आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) नाही आणि युकेतही नाही. भारतीयांना युकेच्या व्हिसावर आयर्लंडला येता येतं, पण दोनच वाटांनी: व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) लिहिलेलं असेल तर, किंवा शॉर्ट स्टे व्हिसा वेव्हर म्हणजे थोड्या दिवसांच्या व्हिसामाफीतून. दोन्हींत आधी युकेत उतरून इमिग्रेशन पार केलेलं असलं पाहिजे. मुंबईहून दुबईमार्गे थेट डब्लिनचं तिकीट असेल तर विमानात चढूच देणार नाहीत. वेव्हरला मुदत असते, ती वेळोवेळी वाढवतात. आयरिश इमिग्रेशनच्या साईटवर आजची स्थिती बघा.

पाऊसवेडी
बापरे. ते आधी लंडनलाच उतरतायत, आठवडाभर नणंदेकडे राहून मग इकडे येणार. बीआयव्हीएसचं नवऱ्याला बघायला सांगितलं. धन्यवाद, खरंच.

शेंगदाणा_लाडू
डब्लिनमध्ये ताजा कढीपत्ता कुठे मिळतो? वेगळा धागा काढायचा कंटाळा.

लिमरिककर
ताई, तुमच्यासाठी असं सुचवतो:

बनरॅटी या सहलीतून काढा. मुलांना सांता हवाच असेल तर ख्रिसमसआधीच्या शनिवारी डब्लिनहून ट्रेनने लिमरिक, तिथून शॅनन विमानतळाकडे जाणारी बस बनरॅटीला थांबते. तिकीट मिळालं तरच निघा.

24 आणि 25 सॉल्टहिलवालींनी सांगितलंय तसं. 26 ला आराम, दुपारनंतर पब उघडतात, मुलांना घेऊन संध्याकाळच्या आत संगीत ऐकून या.

27 ला गॉलवेहून मोहरची दिवसाची कोच टूर. बहुतेक टूर बरनमधून जातात, किनवाराला डनग्वायरपाशी फोटोला थांबतात. म्हणजे भटक्यांचा अर्धा मार्ग गाडीशिवाय होतो. त्या दिवशी टूर आहे ना, एवढं बुकिंगआधी विचारा. मोहरचा कडा सर्वात उंच ठिकाणी 214 मीटर आहे. वारा असेल तर कडेच्या वाटांवर जाऊ नका. सासूबाई डोंगरात खोदलेल्या व्हिजिटर सेंटरमध्ये बसू शकतात, तिथून ओब्रायनचा 1835 चा मनोरा जवळच आहे. बाकीच्यांनी तेवढंच करावं.

28 ला परत.

भटक्या_72
26 ला डिंगलला रेनबॉइज निघतात, पेंढ्याचे पोशाख, लाकडी घोडा, ढोल-बासरी. तो खरा पश्चिमेचा सण. तोच चुकवताय तुम्ही.

लिमरिककर
गॉलवेहून डिंगल साडेतीन तास. गाडीने. जी नाहीये.

भटक्या_72
म्हणून तर म्हणतोय, गाडी घ्या.

पाऊसवेडी
लिमरिककर, सॉल्टहिलवाली, प्लॅन नवऱ्याला पाठवला. 27 ची टूर बुक करतेय. हॉटेलला फोन केला, 25 च्या लंचला टेबल मिळालं पण शाकाहारी म्हणजे फक्त नट रोस्ट (सुक्यामेव्याची भाजलेली वडी) म्हणाले. सासरे खातील का देव जाणे. टूरची बस कुठून सुटते?

सॉल्टहिलवाली
बऱ्याचशा फेअरग्रीनच्या कोच स्टेशनवरून, आयर स्क्वेअरपासून दोन मिनिटं. पण तिकिटावर लिहिलेलंच बघा, काही दुसरीकडून सुटतात. नट रोस्टबरोबर भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप जास्त मागून घ्या. ग्रेव्ही मात्र विचारून, ती बहुतेक वेळा मांसाच्या रसाची असते. लोणचं खिशात असू द्या.

नवा_पाहुणा
धागा वाचला नाही, वेळ नव्हता. आम्ही मार्चमध्ये येतोय, क्लिफ्स आणि किल्ले दोन्ही एका दिवसात होतील का?

लिमरिककर
मार्चमध्ये कुठल्या तारखा? गाडी आहे का?