बिडी न ओढताही धाप लागते
"बिडी-सिगारेट ओढत नसेल तर धाप म्हणजे दमाच" असं बरेचदा सांगतात, पण ते आमच्या परभणीकडच्या बायकांना लागू पडत नाही. जन्मभर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापून बिडीला हात न लावताही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार, होऊ शकतो. माझ्या चुलतीचं तेच झालं. आधी नुसता सकाळचा खोकला नि बेडका, मग हंडा आणताना वाटेत टेकायला लागली. घरचे म्हणायचे, वय झालं! दम्यात त्रास येतो-जातो, मधले दिवस माणूस बहुधा ठणठणीत असतो. हिची धाप वर्षागणिक वाढतच गेली. एक्स-रेत फारसं दिसलं नाही, नळीत फुंकायची स्पायरोमेट्री केली तेव्हा कळलं.

आणि खोकला २ आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी बेडक्याची टीबी तपासणी करा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.