रिटायर होणाऱ्या काकांचं कसब कागदावर कसं उतरवायचं?

भोसरीचा_सुपरवायझर:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या टूलरूमला आहे. सरफेस ग्राइंडरवरचे (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करायचं मशीन) आमचे काका चार महिन्यांत रिटायर होतायत, २६ वर्षं त्याच मशीनवर. पातळ प्लेट मॅग्नेटिक चकवर (मशीनचा चुंबकी पाट) ओढून सपाट बसते, ग्राइंड होते आणि मॅग्नेट सोडला की परत केळं होतं, हा आमचा रोजचा ताप. काका बोट फिरवून ठरवतात प्लेटखाली कागद कुठं घालायचा, किती घालायचा, आणि प्लेट बसते. मॅनेजमेंटनं स्कीम काढली, एसओपी (काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत) लिहा ३०० रुपये घ्या. दोन महिन्यांत ७० आले, त्यातला एक 'मेन स्विच ऑन करावा' एवढाच आहे, खरंच. काकांनी एकही दिला नाही. रक्कम वाढवू का?

क्यूए_वाला:
वाढवलीत तर १४० येतील 😄 मोजता येतं त्याचेच पैसे देता येतात, म्हणून कागद आले. झेरॉक्सनं १९९० च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्यांसाठी 'युरेका' सिस्टिम केली होती, सुरुवात फ्रान्समध्ये. सापडलेली युक्ती लिहायची, बाकीचे अनुभवी टेक्निशियन ती तपासणार, आणि लिहिणाऱ्याचं नाव तिच्यावर राहणार. आपल्या नावाखाली फालतू काही टाकायला माणूस लाजतो. पण ते लिहिता येण्यासारखं होतं, काकांचं बोट कसं लिहिणार?

पीठ_आणि_पाना:
+१. मात्सुशिताला (आजची पॅनासोनिक) १९८० च्या दशकात ब्रेड बनवायचं घरगुती मशीन करायचं होतं, कणीक नीट मळली जाईना. मग त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्या इकुको तानाका ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो कणीक ताणताना पीळ देतो हे तिथं हाताखाली राहून लक्षात आलं. त्याला फॉर्म भरायला दिला असता तर काय लिहिलं असतं त्यानं, 'कणीक मळावी'.

जुना_युनियनवाला:
सगळं बरोबर पण काकांच्या हाताखाली पोरगं कोण आहे? कॉन्ट्रॅक्टवरचं ना? अकरा महिन्यांनी ब्रेक देणार, मग नवीन येणार, काकांनी किती जणांना शिकवायचं. आमच्याकडे एका फोरमननं सगळं शिकवलं आणि सहा महिन्यांत त्यालाच स्टोअरला टाकलं, तेव्हापासून कोणी वही टेबलावर ठेवत नाही, घरी घेऊन जातात. आणि पैसे वाईट नसतात हो, उगीच मानपानाच्या नावाखाली फुकटात काढून घेऊ नका. शिकवायचा ओव्हरटाइम धरा, पोराला पर्मनंट करा, मग बघा. काकांना स्वतः विचारलंत का एकदा तरी?

भोसरीचा_सुपरवायझर:
नव्हतं विचारलं, खरं सांगतो. काल चहाला बसलो. म्हणाले, साहेब माझं अक्षर वाईट, ते नोटीस बोर्डावर लावणार म्हणे, पोरं हसतील. आणि दुसरं अगदी तुम्ही म्हणता तेच, गेल्या दोन वर्षांत हाताखाली पाच पोरं बदलली. मालकांशी बोललो, एका पोराला पर्मनंट करायचं बघू म्हणालेत, लेखी काही नाही अजून. तरी काकांनी आज त्याला वाकडी प्लेट आणि कागदाचे तुकडे देऊन बसवलंय, ग्राइंडिंग व्हीलला हात लावू दिलेला नाही.

जुना_युनियनवाला:
लेखी घ्या.