लिबरल स्टडीजचा चार वर्षांचा कोर्स की अनुदानित कॉलेजात बी.ए. अर्थशास्त्र?

सातारचा_पालक
मुलगी बारावी कॉमर्स, गणित घेऊन 86 टक्के. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात लिबरल स्टडीजच्या चार वर्षांच्या पदवीला निवड झाली आहे. फी वर्षाला 4.25 लाख, हॉस्टेल-मेस 1.6 लाख. दुसरीकडे अनुदानित कॉलेजात बी.ए.ची जागा हातात आहे, तिथली फी किरकोळ. तिला अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही आवडतं. पुढे एम.ए. अर्थशास्त्र किंवा यूपीएससी असा विचार आहे. खासगीला गेली तर वर्षाला 3 लाख कर्ज काढावं लागेल. ही पदवी पुढे चालते का, आणि फीचा पहिला हप्ता भरायच्या आधी नेमकं काय तपासू? हातात 12 दिवस आहेत.

श्रेयांक
यूपीएससी, एमपीएससी, एमबीए, तीन वर्षांचं एलएल.बी. यांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे एवढं बघा, तिथे अडचण नाही. अडतं ते एम.ए.च्या दारात. तिथे पदवीचं नाव मागे पडतं आणि मेजर म्हणजे मुख्य विषयाचे किती क्रेडिट (श्रेयांक) केले हे विचारतात.

म्हणून माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी पास झालेल्या विद्यार्थ्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांची पेपरवार गुणपत्रिका मागा, नाव झाकून. त्यावर पेन घेऊन बसा. यूजीसीच्या आराखड्यात चार वर्षांचे 160 क्रेडिट असतात, त्यात मेजर किमान 80, मायनर म्हणजे दुय्यम विषय 32. तीन वर्षांवर बाहेर पडलं तर 120 पैकी मेजर 60. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, तेव्हा 4 क्रेडिटचा एक पेपर साठ तासांचा. 80 क्रेडिट म्हणजे असे वीस पेपर. आता ट्रान्सक्रिप्टवर अर्थशास्त्राचे पेपर मोजा. वीसऐवजी बारा-तेरा निघाले तर बाकीचे क्रेडिट पायाभूत कोर्स, कार्यशाळा, प्रकल्प यांत गेले आहेत. ते कोर्स वाईट नसतात, पण एम.ए.च्या प्रवेशसमितीसमोर ते अर्थशास्त्र म्हणून उभे राहत नाहीत.

मोजून झालं की नावं वाचा. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, संभाव्यता आणि संख्याशास्त्र, इंटरमीजिएट मायक्रो, इंटरमीजिएट मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स. हे सहा सक्तीचे आहेत की ऐच्छिक? ऐच्छिक असतील तर गेल्या तीन सत्रांची खरी वेळापत्रकं मागा. पुस्तिकेत छापलेला पेपर पुरेसे विद्यार्थी नसले की उघडतच नाही. दोन मेजरचे पेपर एकाच तासाला येणं ही दुसरी नेहमीची अडचण.

शेवटचं म्हणजे मेजरच्या जागांना मर्यादा आहे का. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्राला सगळ्यात जास्त गर्दी असते. पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर (सरासरी श्रेणीगुणांवर) मेजर वाटत असतील तर प्रवेश मिळाला म्हणजे विषय मिळाला असं होत नाही. हे ईमेलवर लेखी घ्या.

हिशेब_आधी
पैशाचं स्पष्ट मांडते. वर्षाला 3 लाख म्हणजे चार वर्षांत 12 लाख. 10 टक्के व्याज धरा. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पहिले 3 लाख पाच वर्षं, पुढचे चार, तीन, दोन. सरळ व्याज 4.2 लाख. परतफेड सुरू होताना मुद्दल झालेलं असेल 16.2 लाख, आणि दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे 21,400. त्या वेळी ती एम.ए. करत असेल किंवा नुकतंच संपलं असेल, म्हणजे हप्ता तुमच्या पगारातून जाणार. तोवर मधे मधे व्याज भरत राहिलात तर मुद्दल फुगत नाही. तेवढं जमत असेल तर आवर्जून करा.

केंद्राच्या शैक्षणिक कर्ज हमी योजनेत 7.5 लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे बँक घर किंवा ठेव मागू शकते.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक फी-सवलती खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. अनुदानित कॉलेजात त्या मिळतात. शिष्यवृत्ती विद्यापीठाचीच असेल तर ती चारही वर्षं आहे का आणि कुठल्या सीजीपीएखाली बंद होते, हे विचारा. फीवाढ वर्षाला किती टक्के, तेही. 4.25 लाखांवर दरवर्षी 8 टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षाची फी 5.35 लाख होते.

सातारचा_पालक
मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. अनुदानित कॉलेजात मेजर-मायनर असतं का? आणि खासगीत फीचा हप्ता भरून मन बदललं तर?

श्रेयांक
असतं. राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही 2024-25 पासून नव्या शैक्षणिक धोरणाची मेजर-मायनर रचना आली. तिला मेजर अर्थशास्त्र, मायनर मानसशास्त्र घेता येईल, दोन्ही विभाग त्या कॉलेजात असतील तर. गणित किंवा संख्याशास्त्र मायनर कलाशाखेला देतात का तेही विचारा. बरीच कॉलेजं वेळापत्रकामुळे देत नाहीत, आणि मग एम.ए.साठीचं गणित तिला बाहेरून करावं लागेल. अनुदानित बी.ए.चा हाच खरा कच्चा दुवा आहे.

चौथं वर्ष दोन प्रकारचं असतं. साधं ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स, ज्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के आणि 12 क्रेडिटचा प्रकल्प लागतो. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर नेट (प्राध्यापकपदाची आणि संशोधनाची पात्रता परीक्षा) देता येते आणि एम.ए.शिवाय पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. तुमच्या मुलीला एम.ए.च करायचं असेल तर तीन वर्षांनंतरचं दोन वर्षांचं एम.ए. आणि चार वर्षांनंतरचं एक वर्षाचं, दोन्ही वाटांनी एकूण पाचच वर्षं होतात. फरक इतकाच की चौथ्या वर्षाची फी खासगी दराने जाते.

आधी खासगीला जाऊन मग क्रेडिट बँकेतून (विद्यार्थ्याचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा राहतात) अनुदानित कॉलेजात यायचं, असा बेत नको. क्रेडिट जमा असतात, पण तिथे दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी आणि पेपर जुळायला हवेत. न जुळलेले पेपर पुन्हा द्यावे लागतात.

हिशेब_आधी
परताव्याबद्दल. पावतीवर 'परत मिळणार नाही' छापलेलं असलं तरी यूजीसीचा नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहे. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण रक्कम, त्यातून प्रक्रिया खर्च जास्तीत जास्त 5,000. तारखेआधीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत केलं तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50, पुढे काही नाही. शिवाय यूजीसी वर्षागणिक परिपत्रक काढते. 2024-25 ला 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. यंदाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा, रद्दचा अर्ज ईमेलने करा म्हणजे तारखेचा पुरावा राहील, आणि मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवू नका. पडताळून लगेच परत घ्या.

अनुदानित कॉलेजातली जागा मात्र आजच फी भरून पक्की करा. ती गेली तर 12 दिवसांनी निवडायला काही उरणार नाही.