नुसता सेपिया मारून जुना रोल नाही होत

भाऊ, तुम्ही म्हणता पोळ्याच्या फोटोवर सेपिया (तपकिरी झाक) मारला तरी जुन्या फिल्म रोलसारखा नाही दिसत, चहा सांडल्यासारखा दिसते. दिसणारच ना, रंगीत फिल्म कधी तपकिरी नव्हतीच.

मी फोटो एडिटिंगसाठी गिम्प वापरतो, फुकट हाय अन् आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालते. कर्व्ह्ज (उजेड-अंधार बदलायची रेघ) उघडा, डावीकडचं खालचं टोक 0 वरून 20-25 पर्यंत उचला, काळा रंग जरा धुरकट होते. मग तिथंच ब्लू चॅनेल (फक्त निळ्या रंगाची रेघ) घ्या, खालचं टोक थोडं वर, वरचं थोडं खाली, म्हणजे सावलीत निळसर अन् उजेडात पिवळसर झाक येते. आमच्या बैलाच्या फोटोत मागची पऱ्हाटी लय भारी दिसली पण झुलीचा लाल मळका झाला, तेवढ्या भागावर मास्क (ठरावीक भाग झाकायचं टूल) लावून इफेक्ट कमी केला.

ग्रेनसाठी (फिल्मवरच्या बारीक दाण्यांसाठी) 50% करड्या रंगाची वेगळी लेयर (थर), तिच्यावर नॉइज (बारीक ठिपके), लेयरचा मोड ओव्हरले (खालच्या फोटोत मिसळायची पद्धत), अन् वरून किंचित ब्लर, नाहीतर वाळू फेकल्यासारखं दिसते.

अन् अल्बममधले जुने फोटो लालसर दिसतात ना, तो फिल्मचा गुण नाही, प्रिंटमधला सायन (निळसर-हिरवा) रंग उडालेला असते. तुम्हाला ताजा धुतलेला रोल पाहिजे का पेटीत पडलेला फोटो, ते ठरवा आधी. वर कमेंटमध्ये कोणीतरी कोडॅक्रोम फिल्मचा प्रीसेट (तयार सेटिंग) सांगितला, पण 2009 मध्ये बंद झालेली ती स्लाइड फिल्म, चांगली कॉन्ट्रास्टवाली, तिच्यात हा धुरकटपणा कुठला बावा!

मूळ फाईलची कॉपी ठेवूनच हात लावा, मी नव्हती ठेवली.