अनुभव धागा: तुमची कॉफी कोणत्या सिस्टीमवर चालते?

मंडळी, सोलापूर चहाचं गाव, मान्य. पण पूर्व भागातली तेलुगू घरं आणि आपले कन्नड सोयरे यांच्यामुळे फिल्टर कॉफीही इथे चांगली मुरलेली आहे. परवा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमवरून लिनक्सवाले आणि विंडोजवाले हमरीतुमरीवर आले, तेव्हा जाणवलं की जो तो कॉम्प्युटरबद्दल जे बोलतोय ते त्याच्या कॉफीलाही जसंच्या तसं लागू पडतंय. तर दोन्ही सांगा. भांडा, पण गमतीत.

पूर्वभागवाला:
आमच्याकडे पितळी फिल्टर. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर भोकांची छत्री, मग उकळतं पाणी, आणि झाकण लावून सरळ झोपायचं. पूड जास्त दाबली तर सकाळी खालचं भांडं कोरडं, कमी दाबली तर नुसतं रंगीत पाणी. ज्याला यात मजा वाटते त्यालाच आर्च लिनक्स आवडतं. विकी उघडून एकेक कमांड टाईप करत बसवायचं. बायको म्हणते, तेवढ्यात इडलीचं पीठ फुगून येतं.

खरा वाद चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचा. चिकोरी म्हणजे कंपनीचे बंदिस्त ड्रायव्हर, हार्डवेअर चालवणारे पण आतला कोड न दाखवणारे प्रोग्राम. शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण तिच्याशिवाय डिकॉक्शनला तो दाटपणा येत नाही, आणि ड्रायव्हरशिवाय वायफाय. शेवटी डेबियन या सोवळ्या लिनक्सनेसुद्धा २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत असलंच बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेतलंच की! आमचे वडील मात्र अजून बिनचिकोरीवाले. उडुपी हॉटेलात गेले तरी आधी मालकाची उलटतपासणी.

सूतगिरण:
अण्णा, एवढा वेळ आहे कुणाला? दुकानात इन्स्टंट. कपात पूड, साखर, दूध, ढवळलं की झालं. बिलिंगला अजून जुनं विंडोज एक्सपी आहे. सपोर्ट २०१४ ला संपला म्हणतात, म्हणून त्याला इंटरनेटची वायरच लावलेली नाही. गिऱ्हाईक चादर बघायला येतं, कॉफी बघायला नाही.

हुतात्माने_येणारी:
मी पुण्यात नोकरीला, मॅक आणि कॅप्सूलचं मशीन. बटण दाबलं की दर वेळी तीच चव, आणि ओट्यावर दिसतंही झकास. आई आली तेव्हा मशीनभोवती फिरून तिनं विचारलं, "अगं, पण यात पूड थोडी जास्त घालायची असली तर?" नाही घालता येत, आई. फार तर दुसरी कॅप्सूल.

जुळे_सोलापूरकर:
सगळे सिस्टीमवरून भांडताय, हार्डवेअर कुणीच बघत नाही. माझ्याकडे एअरोप्रेस, दट्ट्यानं दाबून कॉफी गाळायची नळी. २००५ मध्ये हे आणणाऱ्या ॲलन ॲडलरनं आधी दूरवर उडणारी फेकायची रिंग काढली होती. चिकमगळूरची ताजी पूड आणली, तरी कॉफी सपक. कारण बोअरचं पाणी! जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आंबट चव मारून टाकतात. आता नळाला पाणी येतं त्या दिवशी कॉफीसाठी वेगळी कळशी भरतो. घरचे म्हणतात, प्यायला पुरेना, आणि याला कॉफीला पाहिजे! लॅपटॉपचंही तेच बे. चार जीबी रॅमवर काहीही टाका, रडणारच. आधी रॅम वाढवा.

फक्त_चहा:
मला का बोलावलंत? १ एप्रिल १९९८ ला कॉफीची यंत्रं इंटरनेटवरून चालवायचा एक गमतीचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, निघाला होता, आरएफसी २३२४. त्यात किटलीला कॉफी करायला सांगितलं तर ती उत्तर देते: ४१८, मी किटली आहे. माझंही उत्तर तेच समजा. पार्क चौकात भेटा, कटिंग पाजतो.

धागाकर्ती:
दादा, कटिंग चालेल, पण तुमची सिस्टीम सांगितली नाहीत.

फक्त_चहा:
उबंटू, सोपं लिनक्स. जे समोर येईल ते घेतो, साखर तेवढी वाढवतो.

वरच्या_मजल्यावरचा:
मी क्रोमबुकवाला, सगळं इंटरनेटवरच चालणारा लॅपटॉप. घरी काहीच ठेवत नाही, कॉफी खालच्या काकूंकडे. त्या लेकीकडे हैदराबादला गेल्या की आमची सेवा बंद.