सरकारी पेन्शन: आधी रुजू झाल्याची तारीख विचारा

'मंत्रालयातल्या क्लार्कला आयुष्यभर अर्धा पगार' असं सरसकट म्हणतात. ते १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांचं: शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाई भत्ता. नंतरचे बहुतेक एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना, जमलेल्या रकमेवर पेन्शन) गेले; तिथे पगाराच्या हिशोबाने कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १४ जमा होतात.

खरी दैना खासगीत आहे. अंधेरीत लाखभर पगार असला तरी ईपीएस (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) सहसा १५,००० वरच मोजतात: गुणिले सेवावर्षं, भागिले ७०. ३३ वर्षांच्या सेवेला योजनेची दोन वाढीव वर्षं धरून महिना ७,५००, आणि महागाई भत्ता नाहीच! त्यात नोकरी बदलताना लोक फॉर्म १०-सी भरून ईपीएसचे पैसे काढतात. तेवढी सेवा बाद होते, आणि दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे झालेली सेवा पुढे धरली जाण्याचा दाखला.