शेजारच्या आजींची घरातच आबाळ होत आहे. त्यांच्या सहीशिवाय दाद कुठे मागता येईल?

नमस्कार. ठाण्यातील आमच्या सोसायटीत ऐंशीच्या घरातल्या एक आजी मुलगा-सुनेकडे राहतात. दोघेही सकाळी कामावर जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावून जातात आणि संध्याकाळपर्यंत आजी आत एकट्याच असतात. माझी पत्नी दुपारी जाळीतून चहा देते. गेल्या आठवड्यात आजींनी तिला मधुमेहाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवले आणि वर, "त्याला सांगू नका हो, तो चिडतो," असेही बजावले. सेक्रेटरींच्या मते हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. मला ते पटत नाही. उद्या आत काही पेटले, तर ते कुलूप कोण उघडणार?

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा २००७ चा कायदा मी वाचला. कलम ५ नुसार अर्ज ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः करायचा असतो. ती असमर्थ असल्यास तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. आजी कोणत्याही कागदावर सही करणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. या कायद्याखालचे न्यायाधिकरण (प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे) स्वतःहूनही दखल घेऊ शकते, अशी तरतूद त्याच कलमात आहे आणि आमची भिस्त तिच्यावरच आहे. कलम २४ मधली शिक्षा ज्येष्ठांना टाकून देणाऱ्यांसाठी आहे. इथे टाकलेले नाही, कोंडले आहे. फ्लॅट आजींनी पूर्वीच बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केला आहे. त्यात सांभाळ करण्याची अट घातलेली नसावी, त्यामुळे सांभाळ न केल्यास असे हस्तांतरण रद्द करू देणाऱ्या कलम २३ चा आधार कितपत मिळेल, अशी शंका आहे.

खरी भीती नोटिशीची आहे. न्यायाधिकरणाची नोटीस मुलाच्या हाती पडेल, त्या रात्रीही आजी त्याच घरात असतील आणि जाळीतून मिळणारा चहादेखील कदाचित बंद होईल. म्हणूनच थेट पोलीस ठाण्यात जायला मन धजावत नाही. पण नुसते पाहत बसणेही मला अयोग्य वाटते.

प्रांताधिकाऱ्यांकडे शेजाऱ्यांनी नुसती लेखी माहिती दिल्यावर त्यांनी स्वतःहून दखल घेतल्याचा अनुभव इथे कुणाला आहे का? १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवल्यास घरी कोण येते आणि कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहते का? आणि मुलाशी आधी बोलायचेच झाले, तर सोसायटीतील वडीलधाऱ्यांनी बोलावे की एखाद्या समाजसेवकाला सोबत न्यावे?

कृपया आजींची ओळख पटेल असे काही विचारू नये.